दाजींच्या गाडीचा डावा बूट

आमच्या दाजींना इतरांच्या बरोबरीने चालायला आवडत नाही, म्हणून त्यांनी आपली पिकअप उचलून घेतली. खरोखरच उचलून. खाली लिफ्ट किट घातलं, माझ्या कंबरेला लागतील असे टायर चढवले, आणि आता त्या गाडीत बसायचं तर ताईला एक हात दाराला, एक हात सीटला आणि बाकी सगळा भार दैवावर टाकावा लागतो. बाजारातून येताना आधी पिशव्या वर जातात, मग ताई. एवढी उंची कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "ऑफरोडसाठी." दाजींचं ऑफिस त्यांच्या घरापासून सरळ डांबरी रस्त्यावर आहे. वाटेतला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे माझ्या शाळेसमोरचा गतिरोधक, आणि तोही दाजी गाडी तिरकी घालून, श्वास रोखून ओलांडतात. आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं. मैत्रिणी मला हाक मारून दाखवतात.

उंटावरचे शहाणे मी म्हणीतच ऐकले होते. ताईने लग्न करून एक घरात आणला.

बाबांचं वर्कशॉप आहे. गाडीच्या पुढच्या चाकांचं काम म्हणजे बाबा, हे आमच्या भागात लहान मुलंही सांगतात. मी चालायला लागले ती बहुतेक गाडीखालीच, त्यामुळे मला इतर मुलींना फुलं कळतात तसे नटबोल्ट कळतात. आणि या वर्षीपासून मला बोलताही येतं. म्हणजे आधी येत नव्हतं असं नाही, पण आधी मनात बोलायचे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत समोरच्या संघातल्या दोन मुलांना मी रडकुंडीला आणलं, तेव्हापासून मनात काही शिल्लक ठेवायची सवय मोडली.

तर बूट. पायातला नव्हे. इंजिनाचं बळ पुढच्या चाकापर्यंत नेणारा जो दांडा, तो ॲक्सल. चाकाला वळायचंही असतं आणि खड्ड्यात वरखालीही व्हायचं असतं, म्हणून त्या दांड्याच्या टोकाला आपल्या घोट्यासारखा सांधा असतो. सांध्यात ग्रीस भरतात आणि वरून घड्याघड्यांचा रबरी बूट चढवतात, लोहाराचा भाता असतो ना, तसा. दोन्ही तोंडांना पट्ट्या आवळायच्या. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत. मग वळताना कट कट आवाज येतो, आणि तरीही मालक बहिरा असेल तर एके दिवशी सांधा राम म्हणतो. गाडी उचलली की तो दांडा तिरका होतो, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि बूट लवकर झिजतो. यात गुपित काही नाही. बाबांनी दाजींना गाडी उचलण्याआधीच सांगितलं होतं की थोडी कमी उंच करू. दाजींनी हसून मान हलवली आणि त्यांच्या उंच गाड्यांच्या मंडळात ठरली होती तेवढीच उंच केली. मग बाबांनीच दांड्याचं आतलं टोक खाली घेऊन तिरकेपणा जमेल तेवढा कमी करून दिला. असंच काम त्यांनी विजेच्या तारा जोडणाऱ्यांच्या पिकअपला करून दिलंय आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या पिकअपलाही. त्या गाड्या खऱ्याखुऱ्या चिखलात जातात, नदीतल्या गोट्यांवरून जातात, आणि बुटासाठी क्वचित दारात येतात.

दाजींच्या गाडीचा डावा बूट मात्र फाटला. बाबांनी बदलला. फाटला. बाबांनी दुसऱ्या कंपनीचा आणून घातला. तोही फाटला. उजवा मात्र ठणठणीत.

आता डाव्या चाकाशी बुटाची पट्टी आवळायची तर झोपून हात असा वाकवावा लागतो की सगळा जोर उजव्या मनगटावर येतो. आणि बाबांचं उजवं मनगट पूर्वी एकदा सरकलेल्या जॅकखाली आलं होतं. पट्टी आवळताना हात जरा डगमगला की रबराला पीळ राहतो, आणि पीळ राहिलेला बूट त्या घडीतच फाटतो. बाबांनी हिशेब मांडला. त्यांच्या मते दोष रबराचा नव्हता, गाडीचाही नव्हता. त्यांचा हात गेला होता.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण घरातल्या बरण्या सांगायला लागल्या. बाबा संध्याकाळी स्वयंपाकघरात उगाच घुटमळायचे आणि बरण्यांची झाकणं आवळायचे. मग आईला म्हणायचे, जरा उघडून बघ. आई दोन्ही हातांनी, दात आवळून, फडकं गुंडाळून उघडायची आणि म्हणायची, लोखंडासारखं आवळलंय तुम्ही. बाबांना वाटायचं ही माझं मन राखतेय. आमच्याकडे दोन आठवडे कुणाला साखर मिळाली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी दाजींना माफ केलं असतं. पण एका रविवारी ते आणि ताई जेवायला आले. दाजींनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, गाडीचा विषय काढला, आणि त्यांच्या मंडळाच्या कॅप्टनचं वचन ऐकवलं.

"आमचे कॅप्टन म्हणतात, बूट कधी वाईट नसतो. हात वाईट असतो."

आईच्या हातातला डाव तिथेच राहिला. ताई ताटाकडे बघत बसली. जावई म्हणून बाबा दाजींना अहोजाहो करतात, मूग गिळतात, आणि त्यांच्या कामाची मजुरी कधी घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त हात टेबलाखाली घेतला. उजवा. आणि दाजी भात खात राहिले, अगदी निरागसपणे, कारण आपण काय बोललो हे कळायला जे लागतं ते त्यांनी गाडी उचलताना खालीच ठेवलं होतं.

आमच्या वर्कशॉपच्या शेजारच्या गाळ्यात टायरवाला आहे. त्याला आमचा गाळा बरीच वर्षं हवाय. माणूस गोड बोलतो. बाबांच्या मनगटाची चौकशी रोज करतो, इतकी की डॉक्टरही करणार नाही. त्या आठवड्यात बाबा त्याला म्हणाले, उन्हाळा संपला की सांगतो. पूर्वी ते सरळ नाही म्हणायचे. मी शाळेतून येऊन तिथेच अभ्यासाला बसले होते, तेव्हा ऐकलं आणि वही मिटली. बाबा म्हणजे सुट्टीच्या दिवशीही गाळ्याचं कुलूप नीट आहे ना बघायला जाणारा माणूस. तो गाळा गेला तर बाबा घरी बसून करतील काय? बरण्या आवळतील.

मी त्यांना समजावलं की तुमचा हात उत्तम आहे. म्हणाले, तू माझी मुलगी, तू माझीच बाजू घेणार. परीक्षकच असं म्हणाला तर वादविवाद हरलाच.

मग मंडळाचा मेळावा आला. उंच गाड्यांचे मालक ठरावीक रविवारी शहराबाहेरच्या एका जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणीत जमतात आणि एकमेकांच्या गाड्यांना छान म्हणतात. दाजींना फोटो काढायला कुणी हवं होतं, म्हणून ताईबरोबर मलाही नेलं. वाटेत प्रत्येक डाव्या वळणाला चाकातून कट कट येत होतं. दाजींनी गाणी मोठी केली.

कॅप्टन म्हणजे कशाचे कॅप्टन हे मी तीन जणांना विचारलं. जहाजाचे नाहीत, विमानाचे नाहीत, क्रिकेटचेही नाहीत. त्यांच्याकडे शिटी आहे, म्हणून कॅप्टन. गाड्या ओळीत लागल्या की ते समोर उभे राहिले, शिटी फुंकली आणि डावा हात वर केला. त्याबरोबर ओळीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकदम स्टिअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत वळवलं, आमच्या भाषेत कापलं, गाड्या बंद केल्या आणि खाली उड्या मारल्या. चाकं अशी वळलेली असली की समोरून टायरची नक्षी दिसते. गाडी दांडगी वाटते म्हणे. मला ती ओळ फोटोसाठी खांदा वळवून उभ्या राहिलेल्या आमच्या वर्गातल्या मुलांसारखी वाटली, पण त्या मुलांचा खांदा फोटो झाल्यावर सरळ होतो.

ऊन मरणाचं होतं. खाणीत झाड नाही, झुडूप नाही. सावली होती ती फक्त गाड्यांखाली, आणि मला गाडीखाली जायला आमंत्रण लागत नाही. ताईची ओढणी अंथरली, पाण्याची बाटली घेतली आणि शेजारच्या गाडीखाली आडवी झाले. वर बघते तर डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळं, चिकट, फराट्यासारखं उडालेलं. ग्रीस. बुटाच्या घडीला चीर होती, बोट जाईल एवढी. उजवीकडे बघितलं. उजवा साफ.

मी सरपटत पुढच्या गाडीखाली गेले. डावा फाटलेला. त्याच्या पुढच्या गाडीला नवा कोरा डावा होता, म्हणजे नुकताच बदललेला, आणि उजवा जुना, धुळीने भरलेला, चांगला. त्याच्या पुढे पुन्हा डावा फाटलेला. मी अशी ओळीच्या शेवटापर्यंत गेले. माझ्या शर्टाचं काय झालं ते आईला विचारा.

वर त्या वेळी कॅप्टनचं मार्गदर्शन चाललं होतं. हातात कर्णा घेऊन ते सांगत होते की गाडीचं काम नात्यात करू नये. आपल्याच एका सदस्याचे सासरे मेकॅनिक आहेत, मंडळी, आणि त्यांनी एकाच चाकाचा बूट इतक्यांदा बदललाय की ते चाकही आता त्यांना सासरे म्हणतं. सगळे हसले. मला खालून फक्त पाय दिसत होते, पण दाजींचे बूट मी ओळखते. जाड तळव्याचे, डोंगर चढायचे, कधी न मळलेले. ते दोन्ही बूट हसण्याने हलत होते. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या नंतरपर्यंत.

मी ज्या गाडीखालून बाहेर आले ती नेमकी कॅप्टनचीच होती.

"काका, तुमचाही फाटलाय," मी म्हणाले.

पुन्हा हशा. कॅप्टननी कर्णा खाली घेतला. "काय फाटलंय?"

"डावा बूट. खाली या, दाखवते."

ते खाली येणार नव्हते. त्यांची पँट पांढरी होती. ऑफरोडला पांढरी पँट घालून येणारा माणूस किती ऑफ आणि किती रोड हे तुम्हीच ठरवा. ते मायेने म्हणाले, "बाळ, गाडीखाली जाऊ नये. तेल लागतं कपड्यांना."

"तेल नाही काका, ग्रीस आहे. तुमच्या सांध्यातलंच आहे. परत हवं असेल तर शर्टावरून खरवडून देते."

आता हशा जरा दुसऱ्या बाजूने आला. मी म्हणाले की फक्त तुमचाच नाही, ओळीतल्या बहुतेकांचा डावा फाटलाय, ज्याचा नाही त्याचा नुकताच बदललाय, उजवा कुणाचाच नाही, आणि या सगळ्या गाड्या काही माझ्या बाबांकडे येत नाहीत. दोघेतिघे वाकून बघायला लागले. एकाने कबूल केलं की त्याच्या मेकॅनिकलाही त्याने दोनदा शिव्या घातल्यात. कॅप्टन म्हणाले, हल्ली रबर भेसळीचं येतं.

दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्यांना रबराचं काही पडलं नव्हतं. मेव्हणी मळक्या शर्टात, केसांत माती घेऊन, कॅप्टनशी उलट बोलली, याचं पडलं होतं. चला, निघू या, म्हणून त्यांनी ताईला आणि मला जवळजवळ ढकलून गाडीत भरलं. आणि जाताना आपला रुबाब शाबूत आहे हे दाखवायला चाकं तशीच पूर्ण डावीकडे ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, जागच्या जागी धूळ उडवत गोल फिरायला.

कडाड असा आवाज झाला. मग इंजिन ओरडत राहिलं आणि डावं चाक ढिम्म.

सांधा गेला होता.

धूळ खाली बसली. मग ताईने पर्समधून फोन काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने दाजींना न विचारता काही केलं असावं, निदान माझ्यासमोर. तिने बाबांना बोलावलं.

ज्या जागी पोचायला या लोकांनी गाड्यांचे उंट केले, त्या जागी बाबांची ठेंगणी जुनी व्हॅन खडखडत, पण कुठेही न अडकता आली. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही. फळी काढली, पाठीखाली घेतली आणि दाजींच्या गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसते बघत राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा मातीसारखा.

"माझाच पीळ राहिला असणार," ते हळूच ताईला म्हणाले. "टायरवाल्याला आता हो म्हणून टाकतो. उगाच कुणाचा जीव जायला नको माझ्या हाताने."

मी म्हणाले, बाबा, शेजारच्या गाडीखाली बघा. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या गाडीखाली न विचारता जायचं नसतं, हा त्यांचा नियम आहे. मी सकाळपासून तो किती वेळा मोडला हे सांगायची ती वेळ नव्हती. तेव्हा ताई पुढे झाली. कमरेवर हात ठेवून तिने शेजारच्या गाडीवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊ, माझ्या वडिलांनी तुमची गाडी बघितली तर चालेल ना?" त्या बिचाऱ्याला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती तिने. मग पुढच्याला विचारलं. मग त्याच्या पुढच्याला.

बाबा एकेका गाडीखाली जात राहिले. पहिल्या गाडीखाली खूप वेळ. दुसऱ्या गाडीखालून आवाज आला, "ही पट्टी पुलाजवळच्या वर्कशॉपची दिसते. चांगली लावली आहे." तिसरीखालून, "ही तर कंपनीतच बसवलेली." मी फळीबरोबर गुडघ्यांवर चालत होते. पुढे पुढे बाबा भराभर सरकायला लागले, जणू कुणीतरी आतून हाक मारतंय. कॅप्टनच्या गाडीखालून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती आणि डोळे वेगळेच दिसत होते. ते उठून उभे राहिले, चार पावलं मागे गेले आणि सबंध ओळीकडे समोरून बघितलं. मग अतिशय आदराने कॅप्टनना विचारलं, सगळ्यांची चाकं अशी का आहेत.

हा प्रश्न कॅप्टनना फार आवडला. त्यांनी छाती पुढे काढली.

"ही आमची पोझ. टायरची नक्षी दिसली पाहिजे. मंडळाचा नियम आहे."

"फोटोपुरती?"

"छे. गाडी उभी म्हणजे पोझ. घरीसुद्धा. सवय लागली पाहिजे."

"आणि नेहमी डावीकडेच?"

"शिस्त म्हणजे शिस्त," कॅप्टन म्हणाले.

बाबांनी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, मीपण घरी अशीच लावतो, गेटमधून छान दिसते. ताई म्हणाली, आठवड्यातून एखादा दिवस सोडला तर हे ऑफिसच्या बसने जातात, गाडी बाकी सगळा आठवडा अंगणात उन्हात अशीच उभी असते, मला कपडे वाळत घालायला त्या टायरला वळसा घालून जावं लागतं.

बाबा व्हॅनच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. मोठ्याने नाही. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतायत. मग त्यांनी डोळे पुसले आणि काळे हात पुढे धरून ताईला समजावलं, आम्हा दोघींना लहानपणी समजावायचे तसं. डावीकडे पूर्ण कापलं की डावं चाक उजव्यापेक्षा जास्त वळतं. दांडा उंचीमुळे आधीच तिरका. म्हणजे बूट एका अंगाला चिमटून जातो आणि दुसऱ्या अंगाला ताणून उघडा पडतो. चालत्या गाडीत हे क्षणभर होतं, चाक सरळ झालं की रबर सुटतं. पण तसाच धरून दिवसच्या दिवस उन्हात ठेवला तर तो ताणलेल्या घडीत तडकणारच. माणसाला मान पिरगाळून आठवडाभर उन्हात बसवा आणि मग म्हणा, वैद्य वाईट.

"म्हणजे हात नाही," ताई म्हणाली.

बाबांनी मनगट उलटंसुलटं करून बघितलं, नव्याने आणलेल्या पान्याकडे बघतात तसं. "नाही," ते म्हणाले. "हात नाही."

मंडळातल्या दोघांनी लगेच आपापली चाकं सरळ केली. एक तर चुपचाप बाबांचा नंबर घेऊन गेला. कॅप्टन मात्र म्हणाले की हे सगळं पुस्तकी आहे. माझे बाबा, ज्यांनी गाडीचं पुस्तक फक्त जॅकखाली टेकण लावायला वापरलंय, ते पुस्तकी. आणि दाजी? दाजींनी सासऱ्याची क्षमा मागितली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार चांगल्या घरात वाढलाय. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मागे हत्यारांच्या पेटीवर बसून ते एवढंच म्हणाले की सरळ चाकं म्हणजे गाडी अगदी भाजीच्या टेम्पोसारखी दिसते हो. ताईने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "मग भाजी आणा."

त्यानंतर त्यांच्या अंगणात युद्ध सुरू झालं. दाजी चाकं कापून ठेवायचे, ताई ते बसने गेले की चढून जाऊन सरळ करायची. संध्याकाळी दाजी पुन्हा कापायचे. शेजाऱ्यांना वाटायचं गाडी दिवसभर कुणाशी तरी मान हलवून बोलतेय. मग मंडळाची सभा झाली आणि कॅप्टननी नवा नियम काढला. तो नियम आम्हाला कळला तो उन्हाळ्याच्या अगदी शेवटी, आणि अशा दिवशी की मी शाळेचं दप्तर घेऊन गाळ्याच्या दारातच थबकले.

टायरवाला आला होता. हातात मोजपट्टी. बोलणं होण्याआधीच तो भिंतीची लांबी घेत होता, त्याच्या मशीनला किती जागा लागेल ते. बाबा एका दूधवाल्याच्या गाडीखाली होते, फक्त पाय बाहेर. आणि तेवढ्यात रस्त्यावरून कट कट करत दाजींची पिकअप आली. दाजी उतरले, तोंड पाडून म्हणाले, "बाबा, आता उजवा गेला."

क्षणभर मलाही बाबांच्या हाताची शंका आली. खरंच सांगते. खाणीतलं सगळं बघूनही आली. कारण आता डावाही आणि उजवाही, दोन्हीकडे हात फक्त बाबांचाच लागलेला, आणि टायरवाला मोजपट्टी हातात धरून गोड गोड बघत होता.

"दादा, बघा म्हणजे," तो म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? वय कुणाला चुकलंय. आता दुसरी बाजूपण."

बाबा फळीवरून बाहेर सरकले. उठले. दाजींच्या गाडीखाली वाकून एकच नजर टाकली. मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. दाजींना विचारलं, "हल्ली उजवीकडे कापून ठेवता का?"

दाजी जरा घुटमळले. "कॅप्टन म्हणाले, डावीकडे खूप झालं. आता उजवीकडे ठेवा, म्हणजे झीज सारखी होईल."

मला वाटलं होतं की माणसाच्या मूर्खपणाला कुठेतरी तळ असतो. नसतो. तिथेही लिफ्ट किट घालतात.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले, टायरवाल्याच्या हातातली मोजपट्टी घेतली, नीट गुंडाळली, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"गाळा द्यायचा नाही," ते म्हणाले. "पुन्हा विचारू नका."

मग जावयाकडे वळले. लग्न झाल्यापासून त्या गाडीला आमच्याकडे कधी थांबावं लागलं नव्हतं. ती आली की इतरांच्या गाड्या बाहेर निघायच्या आणि जावईबापूंची आत जायची. बाबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे दूधवाल्याच्या मागे एक जुनी शाळेची व्हॅन होती, तिच्यामागे डॉक्टरीणबाईंची गाडी, आणि तिच्यामागे खाणीतल्या दोघांच्या उंच गाड्या, चाकं सरळ.

"रांगेत लावा," बाबा म्हणाले. "आणि या वेळी मजुरी पडेल."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन या अपेक्षेने. मी दप्तर खाली ठेवलं. मला रांगेचा शेवट दाखवायला जायचं होतं, आणि तो बराच लांब होता.